सोरायसिस : उपचार, लाभ व धोके

सोरायसिस : प्रतिकारसंस्थेतील बिघाडामुळे उद्भवणारा, दीर्घकाळ टिकणारा व संसर्गाने न पसरणारा त्वचारोग. कोपर, गुडघे, टाळू व कंबर या ठिकाणी स्पष्ट कडांचे जाडसर चट्टे उठतात आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. गोऱ्या त्वचेवर हे चट्टे लाल, तर सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा करडे-तपकिरी दिसतात. जगातील सुमारे २ ते ३ टक्के लोकांना हा रोग आहे. भारतातील प्रौढांमध्ये निरनिराळ्या पाहण्यांत ०.४४ ते २.८ टक्के असे प्रमाण आढळले आहे. रोग मुळापासून घालवणारा उपचार अद्याप नाही. मात्र तो आटोक्यात ठेवणारे अनेक उपचार उपलब्ध असून प्रत्येकाचे लाभ व धोके वेगळे आहेत.

उपचारांचा आधार : निरोगी त्वचेत नवी पेशी पृष्ठभागापर्यंत येऊन झडण्यास सुमारे एक महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे चक्र काही दिवसांतच पुरे होते. इंटरल्युकिन-२३, इंटरल्युकिन-१७ व टीएनएफ या दाहकारक रेणूंमुळे पेशींना सतत वाढीची चेतना मिळत राहते. उपचार दोन प्रकारे काम करतात : पेशींची वाढ मंदावून किंवा दाहाची ही साखळी तोडून. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना या रोगाशी निगडित संधिवात होतो. म्हणून उपचार ठरवताना त्वचेबरोबर सांधेही तपासतात.

तीव्रतेचे मोजमाप : रुग्णाचा बोटांसह एक तळहात म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा अंदाजे १ टक्का. चट्टे ३ टक्क्यांहून कमी असल्यास रोग सौम्य, ३ ते १० टक्के असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास तीव्र मानतात. मात्र चट्टे चेहरा, तळहात, तळपाय किंवा जननेंद्रियावर असतील, तर क्षेत्र लहान असूनही रोग तीव्र धरून उपचार केले जातात.

बाह्य उपचार : सौम्य रोगात मलमे पुरेशी ठरतात. पेट्रोलियम जेली, खोबरेल तेल यांसारख्या स्निग्ध पदार्थांनी पापुद्रे मऊ होतात, खाज कमी होते व औषध आत शिरण्यास मदत होते. स्टेरॉइड मलमे सर्वाधिक वापरली जातात आणि त्यांचा गुण एक-दोन आठवड्यांत दिसतो. अतिशय तीव्र असलेले क्लोबेटॅसोल सहसा सलग दोन आठवड्यांहून जास्त व आठवड्याला ५० ग्रॅमहून अधिक लावत नाहीत. दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, ताणाचे पट्टे उमटतात, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि मलम अचानक थांबवल्यास रोग उसळतो. चेहरा, काख व जांघ येथील त्वचा नाजूक असल्याने तेथे सौम्य स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस देतात. बोटाच्या शेवटच्या पेराएवढे, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम मलम दोन तळहातांएवढ्या त्वचेस पुरते.

ड जीवनसत्त्वापासून बनवलेल्या कॅल्सिपोट्रिऑलचा गुण सावकाश येतो, परंतु त्याने त्वचा पातळ होत नाही. ते स्टेरॉइडसोबत दिल्यास परिणाम वाढतो व जळजळ कमी होते. आठवड्याला १०० ग्रॅमची मर्यादा ओलांडल्यास रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. सॅलिसिलिक आम्ल जाड पापुद्रे सोडवते, पण ते कॅल्सिपोट्रिऑल निकामी करते. त्यामुळे दोन्ही एकत्र लावत नाहीत. दगडी कोळशापासून काढलेले कोलटार स्वस्त असून टाळूसाठी शाम्पूच्या रूपात मिळते. त्याचा वास येतो व कपड्यांना डाग पडतात.

डिथ्रॅनॉल या औषधाचा इतिहास गोव्याशी जोडलेला आहे. ब्राझीलमधील अरारोबा झाडाच्या खोडात साठणारी पिवळी भुकटी पोर्तुगीज व्यापारमार्गाने गोव्यात आली आणि पुढे ‘गोवा पावडर’ याच नावाने ओळखली गेली. ती गजकर्णावर लावत. १८७० च्या दशकात लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी तिचा सोरायसिसवरील गुण नोंदवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत तिच्या सक्रिय घटकाला पर्याय म्हणून डिथ्रॅनॉल कृत्रिमरीत्या तयार झाले. चट्टे घालवण्यात ते प्रभावी आहे. पण भोवतालच्या निरोगी त्वचेची आग होते व कपड्यांवर तपकिरी डाग पडतात. त्यामुळे आज त्याचा वापर बराच घटला आहे.

प्रकाशोपचार : अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये विल्यम गोकरमन यांनी १९२५ मध्ये कोलटार व अतिनील किरण यांचा एकत्रित उपचार मांडला. सध्या ३११ नॅनोमीटर तरंगलांबीच्या अरुंद पट्ट्यातील अतिनील-ब किरणांचा उपचार अधिक प्रचलित आहे. तो आठवड्यातून दोन-तीन वेळा, काही महिने घ्यावा लागतो. पोटात औषध जात नसल्याने तो गरोदरपणातही देता येतो. मात्र रुग्णालयात वारंवार जाण्याने रोजगार बुडतो आणि दूरच्या गावातील रुग्णाला तो परवडतोच असे नाही. सोरालेन हे औषध देऊन अतिनील-अ किरण देण्याची पूवा पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. तिचा प्रभाव चांगला आहे, पण मळमळ होते, डोळ्यांना गडद चष्म्याचे संरक्षण लागते आणि उपचारांची संख्या फार वाढल्यास त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो. भारतात दिव्याऐवजी सूर्यप्रकाश वापरण्याची पद्धतही आहे. तीत किरणांची मात्रा नेमकी राखणे कठीण असते व त्वचा भाजू शकते.

पोटात घ्यायची औषधे : मेथोट्रेक्सेट हे अनेक दशके वापरात असलेले, स्वस्त व सांध्यांवरही उपयोगी पडणारे औषध आहे. सुमारे ४० टक्के रुग्णांत १६ आठवड्यांत रोगाची तीव्रता तीन-चतुर्थांशाने घटते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास अस्थिमज्जा निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ठरलेला वार चिठ्ठीवर ठळक लिहितात. सोबत फॉलिक आम्ल देतात आणि रक्तपेशी व यकृताची तपासणी ठरावीक अंतराने करतात. मद्यपान, यकृताचे विकार व गर्भधारणा असताना ते देत नाहीत. को-ट्रायमॉक्साझोल या प्रतिजैविकासोबत ते घेणे घातक ठरू शकते.

सायक्लोस्पोरिन काही आठवड्यांत रोग आवरते, म्हणून तीव्र उद्रेकात उपयोगी पडते. परंतु मूत्रपिंडास इजा व रक्तदाब वाढणे या धोक्यांमुळे ते दीर्घकाळ देत नाहीत. ॲसिट्रेटिन प्रतिकारशक्ती दडपत नाही. पूयुक्त प्रकारात ते विशेष गुणकारी आहे. ते गर्भात गंभीर व्यंग निर्माण करते आणि औषध थांबवल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते. त्यामुळे मूल हवे असणाऱ्या वयातील स्त्रियांना ते सहसा देत नाहीत. ओठ कोरडे पडणे व रक्तातील मेद वाढणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत. ॲप्रेमिलास्टमुळे अवयवांना इजा होण्याचा धोका कमी असल्याने वारंवार रक्ततपासणी लागत नाही. मात्र त्याचा परिणाम मध्यम असतो. जुलाब, मळमळ, वजन घटणे व क्वचित नैराश्य संभवते.

प्रेडनिसोलोनसारखी पोटात घ्यायची स्टेरॉइडे सोरायसिसवर सहसा टाळतात. सुरुवातीला रोग झटपट दबतो, पण ती थांबताच सर्वांगावर लाली किंवा पुवाच्या पुटकुळ्या उठू शकतात. अघोषित घटकांच्या भुकट्या व गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्यास हाच धोका नकळत पत्करला जातो.

जैविक औषधे : ही इंजेक्शने दाहाच्या साखळीतील एकेका रेणूवर नेमका घाव घालतात. इटॅनर्सेप्ट, इन्फ्लिक्सिमॅब व ॲडालिमुमॅब ही टीएनएफ रोखतात, उस्टेकिनुमॅब इंटरल्युकिन-१२ व २३, सेक्युकिनुमॅब व इक्सेकिझुमॅब इंटरल्युकिन-१७, तर गुसेल्कुमॅब व रिसान्किझुमॅब इंटरल्युकिन-२३ रोखतात. इंटरल्युकिन-१७ व २३ रोखणाऱ्या नव्या औषधांच्या चाचण्यांत बहुसंख्य रुग्णांची त्वचा जवळपास स्वच्छ झाली. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचे इटोलिझुमॅब हे औषध भारतात २०१३ पासून उपलब्ध आहे. ॲडालिमुमॅबची पहिली जैवसमान आवृत्ती झायडस कॅडिलाने २०१४ मध्ये भारतात आणल्यावर या उपचाराचा खर्च काहीसा कमी झाला. तरीही अनेक कुटुंबांना तो आवाक्याबाहेरचा वाटतो.

टीएनएफरोधकांमुळे दबून राहिलेला क्षयरोग पुन्हा जागा होऊ शकतो. भारतात सुप्त क्षयसंसर्ग मोठ्या प्रमाणावर असल्याने उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची क्षयचाचणी, तसेच ब व क प्रकारच्या काविळीची तपासणी करतात. हृदय निकामी होण्याचा विकार असल्यास टीएनएफरोधक टाळतात. इंटरल्युकिन-१७ रोखल्यास तोंडात वा जननेंद्रियावर बुरशी वाढू शकते व आतड्याचा दाहरोग बळावू शकतो. इंटरल्युकिन-२३ रोधकांची सुरक्षितता आजवर चांगली आढळली आहे. जैविक उपचार चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत.

पूरक काळजी : धूम्रपान, मद्य, लठ्ठपणा व मानसिक ताण यांनी रोग चिघळतो. घशातील स्ट्रेप्टोकॉकस जंतूंच्या संसर्गानंतर ठिपक्यांचा प्रकार उठू शकतो. लिथियम, बीटाब्लॉकर व क्लोरोक्विन या औषधांनीही रोग बळावू शकतो. जेथे त्वचा खरचटते तेथे नवा चट्टा उमटू शकतो, म्हणून पापुद्रे ओरबाडून काढू नयेत.

उपचाराची निवड : औषध जितके प्रभावी तितके धोकादायक, अशी सरळ उतरंड येथे लागू होत नाही. स्वस्त व जुने मेथोट्रेक्सेट यकृतरोग असलेल्या मद्यपी व्यक्तीसाठी महागड्या इंटरल्युकिन-२३ रोधकापेक्षा अधिक धोक्याचे ठरते, तर क्षयरोग होऊन गेलेल्या व्यक्तीला टीएनएफरोधक जपून द्यावे लागतात. गर्भवतीसाठी स्निग्ध मलमे, मोजक्या मात्रेतील स्टेरॉइड मलमे व अतिनील-ब किरण यांना प्राधान्य असते. सर्वांग लाल होणे किंवा तापासह पुवाच्या पुटकुळ्या उठणे ही तातडीने रुग्णालयात दाखल करण्याची स्थिती होय. उपचार टाळण्यालाही किंमत असते. सांध्यांची झीज एकदा झाली की ती भरून येत नाही; शिवाय तीव्र सोरायसिसच्या रुग्णांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळते. त्यामुळे सकाळी सांधे आखडत असतील किंवा बोटे सुजत असतील, तर त्वचेवरील चट्टे थोडे असले तरी संधिवाताची तपासणी लवकर करून घ्यावी.