हिंगोलीचा परवाना: कागद, विश्वास आणि सायबर सुरक्षेची प्रमाणपत्रे

१/१४
एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंगोली हे निजामाच्या राज्यातील लष्करी छावणीचे ठाणे होते. तेथे हरिसिंग नावाचा एक व्यापारी राहत असे. गावात प्रतिष्ठा, छावणीतील अधिकाऱ्यांशीही देवघेव. मुंबईहून कापड आणायचे आहे असे सांगून त्याने एकदा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे परवाना मागितला. परवाना मिळाला, माल आला आणि छावणीत उघडपणे विकलाही गेला.

२/१४
तो माल हरिसिंगाचा नव्हता. हिंगोलीपासून जवळच्याच एका गावचा व्यापारी तो घेऊन येत होता. वाटेत त्याचा, त्याच्या नोकरांचा आणि बैल हाकणाऱ्यांचा खून झाला आणि कापड हरिसिंगाच्या परवान्यावर हिंगोलीत शिरले. हरिसिंग हा त्या भागातील ठगांचा म्होरक्या होता. अटकेनंतर त्याने स्वतः कबुली दिली, तेव्हा हे उघडकीस आले. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याने १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हा प्रसंग नोंदवला आहे. टेलरचाही या माणसाशी व्यवहार होता.

३/१४
हे साधन सावधपणे वाचावे लागते. ठगांविषयीची बहुतेक माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांतून आली आणि ती कंपनी सरकारच्या सोयीने लिहिली गेली. ठगांचे चित्र त्यामुळे कितपत अतिरंजित झाले, यावर इतिहासकारांत आजही वाद आहे. तरीही या प्रसंगातील एक तपशील विचार करण्याजोगा आहे. परवाना बनावट नव्हता. शिक्का खरा, देणारा अधिकारी खरा. फसवणूक कागदात नव्हती. कागदावरून माणसाची पारख झाली असे मानण्यात होती.

४/१४
कागद सुरक्षित कसा ठेवावा, हे मराठी दप्तराला आधीपासून ठाऊक होते. शिवकालीन पत्रांच्या माथ्यावर मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपताच मर्यादामुद्रा उमटवली जाई. त्यामुळे खाली कुणाला एखादी ओळ घुसडता येत नसे. मजकूर लांबला तर कागद चिकटवून वळी करत आणि जोडावरही शिक्का मारत. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द याच पद्धतीची आठवण आहे. आजचा सुरक्षातज्ज्ञ ज्याला ‘मजकुराची अखंडता’ म्हणतो, ती हीच. मात्र शिक्का मजकुराची हमी देतो, तो घेऊन आलेल्या माणसाची नव्हे.

५/१४
ठगांविरुद्धच्या मोहिमेचा प्रमुख विल्यम स्लीमन याने १८३६ साली कलकत्त्यात ‘रामसीआना’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश हा त्याचा गाभा. प्रतिपक्षाची भाषा, त्याच्या युक्त्या आणि त्याच्या सवयी यांची पद्धतशीर नोंद हे तपासाचे साधन होऊ शकते, ही कल्पना त्यामागे होती. सायबर सुरक्षेत हल्लेखोरांच्या पद्धतींचे ‘मायटर अटॅक’ नावाचे जे कोष्टक आज जगभर वापरले जाते, त्यामागील विचार याच जातीचा आहे.

६/१४
आता संगणकाच्या युगाकडे. कार्यालयांचे हिशेब यंत्रांवर गेले आणि वह्या तपासणाऱ्या लेखापरीक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला: यंत्राच्या पोटातील हिशेब कोणी व कसा तपासायचा? या प्रश्नातून १९६९ साली अमेरिकेत अशा परीक्षकांची संघटना स्थापन झाली. तीच आजची ‘इसाका’. तिने १९७८ साली ‘सीआयएसए’ हे प्रमाणपत्र आणले. म्हणजे या क्षेत्रातील सर्वांत जुन्या नामांकित प्रमाणपत्रांपैकी एक हॅकरांच्या भीतीतून जन्मले नाही. ते हिशेबाच्या शिस्तीतून जन्मले.

७/१४
भीतीचा दिवस पुढे उजाडला. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम इंटरनेटवर स्वतःच्या प्रती काढत पसरला आणि हजारो संगणक ठप्प झाले. त्या काळच्या लहानशा इंटरनेटच्या मानाने हा तडाखा मोठा होता. अशा संकटात कोणी कोणाला कळवायचे, हेही ठरलेले नव्हते. त्यानंतर लगेचच कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले ‘सर्ट’, म्हणजे संगणक आपत्तीला प्रतिसाद देणारे पथक, उभे राहिले.

८/१४
पुढल्याच वर्षी, १९८९ मध्ये, ‘आयएससी-स्क्वेअर’ ही संस्था स्थापन झाली. तिने १९९४ साली ‘सीआयएसएसपी’ ही परीक्षा सुरू केली. तिचा नियम लक्षात घेण्याजोगा आहे: परीक्षा उत्तीर्ण होणे पुरेसे नाही, साधारण पाच वर्षांचा कामाचा अनुभवही लागतो. पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असल्यास त्यातून एक वर्षाची सूट मिळते. कागदामागे अनुभव हवा, ही अट येथे नियमातच लिहिलेली आहे.

९/१४
नवशिक्यांसाठीच्या पायऱ्या नंतर आल्या. २००२ साली कॉम्पटियाची ‘सिक्युरिटी प्लस’, २००३ साली ईसी-कौन्सिलची ‘सीईएच’. आयएससी-स्क्वेअरने अनुभवाची अट नसलेली ‘सीसी’ ही प्राथमिक परीक्षा २०२२ मध्ये आणली. परीक्षांचे प्रकारही वेगळे आहेत. काहींत पर्याय निवडायचे असतात. ‘ओएससीपी’सारख्या परीक्षेत उमेदवाराला जवळजवळ अख्खा दिवस सरावाच्या यंत्रांत प्रत्यक्ष शिरकाव करून दाखवावा लागतो आणि मग त्याचा अहवाल लिहावा लागतो. पहिली परीक्षा माहिती तपासते, दुसरी हात तपासते.

१०/१४
भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. ‘सर्ट-इन’ हे राष्ट्रीय पथक जानेवारी २००४ पासून कार्यरत आहे. एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटनेची माहिती सहा तासांत त्याला कळवणे संस्थांवर बंधनकारक आहे. महासंगणकासाठी १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली ‘सी-डॅक’ आज प्रवेशपरीक्षेद्वारे सुरक्षाविषयक पदव्युत्तर पदविकाही देते. बारावीनंतरच्या विद्यार्थ्याला ‘नायलिट’च्या ‘ओ’ लेव्हलपासून संगणकाचा पाया घालता येतो.

११/१४
हरिसिंगाची युक्ती एकविसाव्या शतकातही महाराष्ट्राने पाहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी बँकेच्या एटीएम यंत्रणेत एक खोटा मध्यस्थ उभा केला. कार्डाची विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती. हा मध्यस्थ परस्पर ‘मंजूर’ असे उत्तर देत होता. अनेक देशांतील एटीएम यंत्रांनी त्या मंजुरीवर विश्वास ठेवून नोटा मोजल्या. एकीकडे खऱ्या परवान्यावर चोरीचा माल, दुसरीकडे खोट्या मंजुरीवर खरा पैसा. मंजुरीमागचा माणूस मात्र दोन्हीकडे कोणी पाहिला नाही.

१२/१४
हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. येथील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली. सोयाबीन आणि हळदीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या घरातून एखादी मुलगी या क्षेत्रात उतरते, तेव्हा पुण्यातील शिकवणीची फी आणि डॉलरमध्ये आकारले जाणारे परीक्षाशुल्क हा त्या घरासाठी एका हंगामाचा निर्णय असतो. चुकीचा कागद विकत घेतला तर तो हंगाम परत येत नाही. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिराती नेमक्या याच घरांच्या आशेवर चालतात.

१३/१४
इतिहास येथे निवडीचा एक क्रम सुचवतो. आधी नेटवर्क, लिनक्स आणि थोडे प्रोग्रॅमिंग. याचे उत्तम साहित्य फुकट उपलब्ध आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही सराव होतो. मग एकच प्राथमिक प्रमाणपत्र. ते निवडताना तीन प्रश्न: इच्छित नोकरीच्या जाहिरातींत त्याचे नाव येते का, परीक्षा काय तपासते, आणि नूतनीकरणाचा खर्च किती? ‘सिक्युरिटी प्लस’ तीन वर्षांनी नव्याने सिद्ध करावी लागते. ज्याला हिशेब आणि नियमांची आवड आहे, त्याची वाट लेखापरीक्षणाकडे जाते. ज्याला यंत्र उघडून पाहायचे आहे, त्याची प्रात्यक्षिक परीक्षांकडे. अनुभव मागणारी मोठी प्रमाणपत्रे नोकरी लागल्यानंतरची. सराव मात्र स्वतःच्या किंवा त्यासाठीच उघड्या ठेवलेल्या यंत्रांवरच. परवानगीविना दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हा या कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे.

१४/१४
कॅप्टन रेनॉल्ड्सने परवाना देताना माल कोणाचा, कोठून येणार, सोबत कोण, हे विचारले असते तर एखादा काफिला कदाचित सुखरूप हिंगोलीत पोहोचला असता. सुरक्षेचे सारे शिक्षण त्या न विचारलेल्या प्रश्नांभोवती फिरते. ते विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या हातातील प्रमाणपत्राला वजन येते. आणि ही सवय पहिल्यांदा वापरायची जागा म्हणजे स्वतः प्रमाणपत्र विकणाऱ्याचेच दुकान.