‘नित्ता मारू’ आणि ‘चुयो’ : एकाच आगबोटीचीं दोन नांवें

युद्ध सुरू झालें म्हणजे सरकार उतारूंच्या आगबोटी ताब्यांत घेऊन त्यांस लढाऊ रूप देतें, असा सामान्य समज आहे. जपानच्या ‘नित्ता मारू’स तो पुरता लागू पडत नाहीं. निप्पॉन युसेन कैशा या कंपनीनें युरोपच्या मार्गासाठीं नित्ता, यावाता व कासुगा या तीन आगबोटी बांधावयास घेतल्या. कंपनीच्या नांवाचीं तिन्ही रोमन आद्याक्षरें या नांवांत अनुक्रमें साधिलीं होतीं. परंतु या कामास सरकारी द्रव्यसाहाय्य होतें, आणि प्रसंगीं त्यांचीं विमानवाहू जहाजें करतां यावीं हा त्यामागील हेतु होता. म्हणजे आरमाराचा डोळा या आगबोटींवर प्रारंभापासूनच होता.

सुमारें १७,००० टनांची ‘नित्ता मारू’ नागासाकी येथें मार्च १९४० मध्यें पुरी झाली. तोंपर्यंत युरोपांत युद्ध पेटल्यामुळें ती सान फ्रान्सिस्कोच्या मार्गावर गेली. जानेवारी १९४२ मध्यें वेक बेटावर पकडलेले सुमारें १,२०० अमेरिकन कैदी तिच्यांतून नेण्यांत आले. त्यांपैकीं पांच जणांचा वाटेंत शिरच्छेद झाला. पुढें कुरे येथें तिचे वरचे मजले काढून विमानांसाठीं सपाट माथा चढविला, आणि ता. २५ नोव्हेंबर १९४२ रोजीं ती ‘चुयो’ या नांवानें आरमारांत दाखल झाली. तथापि विमान झोकून देणारें यंत्र किंवा उतरतें विमान अडविण्याचे दोर तिच्यावर नव्हते. त्यामुळें त्रुक बेटाकडे विमानें व माणसें पोंचविणें हेंच तिचें मुख्य काम राहिलें.

ता. ४ डिसेंबर १९४३ रोजीं ती योकोसुकास परतत असतां ‘सेलफिश’ या अमेरिकन पाणबुडीनें वादळांत पाठलाग करून तिला बुडविलें. सुमारें १,२५० माणसें मृत्यु पावलीं. बोटीवर ‘स्कल्पिन’ या बुडालेल्या अमेरिकन पाणबुडीवरील २१ कैदी होते. त्यांतील एकच वांचला. ‘सेलफिश’ ही १९३९ मध्यें ‘स्क्वेलस’ या नांवानें बुडाली होती, त्या वेळीं तिचा ठाव ‘स्कल्पिन’नेंच लाविला होता व ३३ जणांचे प्राण वांचले होते.

हा योगायोग विलक्षण खरा. परंतु इतिहासदृष्ट्या महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. ‘चुयो’वरील मृतांत खलाशांपेक्षां वाहून नेलेल्या माणसांचीच संख्या अधिक होती. नांव व रूप युद्धनौकेचें, काम मात्र आगबोटीचें. शत्रूनें रूप पाहून पाणतीर सोडले, आणि त्याचें मोल उतारूंनीं दिलें.