थांबायचे की कापायचे?

गर्भाशयमुखावर कर्करोगपूर्व बदल दिसला, की कापायचे की वाट पाहायची, हे आता पेशींतल्या जनुकांना विचारता येऊ लागले आहे. साठ वर्षांपूर्वी हाच प्रश्न बायकांच्या देहालाच विचारला गेला होता, तोही त्यांच्या नकळत.

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलात १९६६ साली हर्बर्ट ग्रीन या स्त्रीरोगतज्ज्ञांचा एक प्रस्ताव मंजूर झाला. पेशी बिघडलेल्या, पण बिघाड खालच्या थरात न शिरलेला, अशा अवस्थेत तेव्हा शंकूच्या आकाराचा भाग कापून काढत किंवा गर्भाशयच काढत. ग्रीन यांचे मत असे, की यातून खरा कर्करोग होत नाही. मग तरुण बाईचे गर्भाशय का गमवायचे? काही जणींचा त्यांनी तपासणीपुरता तुकडा घेतला आणि बाकीचा बिघाड तसाच ठेवला. त्या बायका वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिल्या. आपण प्रयोगात आहोत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते.

ग्रीन यांना नुसते खलनायक ठरवणे मला पटत नाही. प्रश्न खराच होता. पण उत्तर समोर येऊ लागले तरी त्यांनी ते मानले नाही, हा दोष मोठा. त्याच रुग्णालयातले बिल मॅकिन्डो आणि जॉक मॅक्लीन इशारे देत राहिले. अखेर १९८७ साली सँड्रा कोनी व फिलिडा बंकल यांचा लेख आला, तो ‘मेट्रो’ या मासिकात! त्यातून न्यायाधीश सिल्व्हिया कार्टराइट यांची चौकशी झाली. अहवाल १९८८ चा.

२००८ साली जुनी कागदपत्रे पुन्हा तपासली गेली. नुसता तुकडा घेऊन सोडलेल्या १४३ जणींत तीस वर्षांतले कर्करोगाचे प्रमाण ३१ टक्के निघाले. पुरेसे उपचार झालेल्यांत एक टक्क्याहून कमी. हा आकडा उलटा वाचला तर आणखी एक गोष्ट दिसते: उपचाराविनाही बहुसंख्य जणींना कर्करोग झाला नाही. पण नेमक्या कोणत्या?

इथे मिथाइलची खूण येते. जनुकाची अक्षरे तीच राहतात, पण त्यांवर मिथाइलचे छोटे रासायनिक गट चिकटतात आणि जनुक मुके होते. पॅपिलोमा विषाणू वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, की अशा खुणा वाढतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी ‘फॅम१९ए४’ आणि ‘मिर१२४-२’ ही दोन जनुके निवडली. मध्यम ते तीव्र बिघाड असलेल्या ११४ जणींनी संमती देऊन दोन वर्षे शस्त्रक्रिया लांबवली. २०२२ साली निष्कर्ष आले: खूण नसलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के जणींचा बिघाड ओसरला, खूण असलेल्यांपैकी ५१ टक्के जणींचा.

५१ टक्के हाही थोडाथोडका आकडा नव्हे. म्हणजे खूण सापडली म्हणून सुरी उचलावीच असे नाही. विशेषतः पुढे मूल हवे असलेल्या बाईच्या बाबतीत, कारण शंकू कापल्यावर अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. आणि खूण नसलेल्यांतही चारांतल्या एकीचा बिघाड ओसरला नव्हता. दोघींनाही तपासणीला यावेच लागते.