घरांत पियानो कोठें असावा?

आपल्या धर्मग्रामांतील कांहीं घरांत वाडवडिलांपासून चालत आलेला पियानो आहे. घराची दुरुस्ती निघाली कीं तो कोठें ठेवावा हा प्रश्न उभा राहतो. जेथें जागा उरते तेथें त्याची रवानगी होते, आणि दोनतीन पावसाळ्यांत त्याचा कंठ बसतो. ज्युबिलीच्या स्मरणिकेंत हा विषय क्षुल्लक वाटेल. तथापि ह्या वाद्याचा इतिहास पाहतां, जागेचा प्रश्न आरंभापासूनच त्याच्या पाठीशीं लागलेला दिसतो.

फ्लॉरेन्स येथें राजपुत्र फर्डिनांड मेदिची ह्यांच्या पदरीं असलेला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी हा पियानोचा जनक होय. त्या घराण्याच्या 1700 सालच्या वाद्यांच्या यादींत त्याचा उल्लेख सांपडतो. पंखाच्या आकाराच्या त्या वाद्यास राजवाड्यांतील दालन शोभे. पुढें 1766 पासून लंडन येथें योहान्नेस झुंपे मेजासारखे चौकोनी पियानो करूं लागला, तेव्हां तें मध्यम स्थितींतील गृहस्थाच्या बैठकींत शिरलें. 1800 सालीं फिलाडेल्फियांत जॉन आयझॅक हॉकिन्स ह्यानें तारा उभ्या करून जमिनीपर्यंत नेल्या, व 1811 सालीं लंडनांत रॉबर्ट वॉर्नम ह्यानें आटोपशीर उभा पियानो बनविला. अशा रीतीनें हें वाद्य दालन सोडून भिंतीशीं आलें, आणि भिंत कोणती, हा प्रश्न त्याच्याबरोबर आला.

तारांचा एकंदर ताण 15 ते 20 टनांचा असतो, व त्यांचा नाद वाढविते ती स्प्रूस लाकडाची एक पातळ फळी. दमट हवेंत ती फुगते व सूर चढतात; कोरड्या हवेंत ती आकसते व सूर उतरतात. युरोपांत शेकोटीची धग टाळावी लागे. आपल्या किनाऱ्यावर ओल टाळावी लागते. नैर्ऋत्येचा वारा पश्चिम व दक्षिण भिंतींवर पाऊस झोडपतो. तेथें ठेविलेल्या पियानोच्या तारांस गंज चढतो, लाकडास वाळवी व आंतील फेल्टास कसर लागते. म्हणून घराची आंतली भिंत निवडावी, खिडकीचें ऊन टाळावें, आणि उभ्या पियानोची नादफळी पाठीशीं असल्यामुळें भिंतीपासून वीतभर अंतर ठेवावें.

मग तो चर्चलाच कां देऊं नये, असें कोणी विचारील. 22 नोव्हेंबर 1903 रोजीं, संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशीं, संत पायस दहावे ह्यांनीं आज्ञापत्र काढून चर्चमध्यें पियानो वाजविण्यास मनाई केली. 1963 सालीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें पाइप ऑर्गनचा मान राखून, इतर योग्य वाद्यांस धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनें वाव दिला. मधल्या साठ वर्षांत भाविकांच्या पियानोचें हक्काचें स्थान घर हेंच होतें. आणि आजही गायकवृंदांतील मुलाचा सराव रविवारच्या एका तासांत होत नाहीं, तो घरींच व्हावा लागतो.

पाहुण्यांसाठीं राखलेल्या बंद दिवाणखान्यांत पियानो फुलदाण्या ठेवण्याचें मेज बनतो. माझी विनंती इतकीच, कीं ज्या खोलींत सायंकाळीं सारें कुटुंब जपमाळेसाठीं गुडघे टेकतें, तेथील आंतल्या भिंतीशीं त्यास जागा द्यावी, व त्याचें कुलूप काढावें. मुलें चुकतमाकत वाजवितील, वाजवूं द्यावें. ओल व कसर ह्यांपासून वांचविलेलें वाद्यसुद्धां कोणी स्पर्श न केल्यास मुकेंच राहतें.