आत्याची उहुरा

आमच्या घरात ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळातली मालिका आत्याने सांगायची, असा रिवाजच आहे. आणि आत्या ती सांगते उहुरापासून.

ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ही मालिका लागायची. वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडे. वारा सुटला की काका कौलांवर चढून अँटेना सिंहगडाकडे वळवायचे. संवाद सगळे इंग्रजीत. काकांचं लक्ष त्यातल्या स्पॉकच्या टोकदार कानांवर. आजीला काळजी, ही माणसं जेवतात कधी? आत्या मात्र कप्तानाच्या मागे, कानात चंदेरी यंत्र घालून बसलेल्या त्या काळ्या मुलीकडे, म्हणजे उहुराकडे, बघत असायची.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, परगावचे कॉल जोडणाऱ्या ट्रंक बोर्डावर होती. “आवाज तुटायला लागला की हात आपोआप कानाशी जातो. तिचाही जायचा,” ती आजही करून दाखवते. कॉल बुक करून लोक तासन्‌तास ताटकळायचे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग असे दर चढत जायचे. लाइटनिंग म्हटलं की बोर्डावरच्या साऱ्याजणी गप्प व्हायच्या, कारण तो बहुधा मयताचा असायचा. लाइन धरून ठेवायची, खरखरीतून नाव-गाव टिपायचं, हे काम टीव्हीवर दुसऱ्या कुणाला करताना तिने पहिल्यांदाच पाहिलं, आणि तेही अंतराळात!

मालिका अमेरिकेत सुरू झाली 8 सप्टेंबर 1966 रोजी. 79 भाग झाले आणि जून 1969 मध्ये ती बंद पडली. पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला. मालिकेकडे पैसा बेताचा होता. दर आठवड्याला यान ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना, म्हणून माणसं झगमगत विरून थेट खाली पोचू लागली. यानावरच्या डॉक्टर मॅकॉयच्या हातातली काही उपकरणं म्हणजे नव्या घाटाच्या मीठदाण्या होत्या. आपोआप सरकणारी दारं पडद्यामागची माणसं ओढत. आजच्या चकचकीत चित्रपटांपेक्षा मला हेच जास्त मोलाचं वाटतं. पैसा नव्हता तिथे गोष्ट कसाला लागली.

उहुरा झालेली निशेल निकोल्स पहिल्या हंगामानंतर काम सोडायला निघाली होती. तिला अडवलं मार्टिन ल्यूथर किंग यांनी. काळी बाई मोलकरीण नाही, अधिकारी म्हणून घराघरांत दिसते आहे, ही जागा सोडू नकोस, असा त्यांचा आग्रह. ती थांबली. पुढे 1977 मध्ये नासासाठी स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर व्हायचं आवाहन करत ती देशभर हिंडली. 1978 च्या निवडीत 35 जणांत 6 स्त्रिया होत्या, सॅली राइड त्यांतलीच. नटीने पडद्यावरची नोकरी इतकी मनावर घ्यावी, याचं मला फार अप्रूप आहे.

लहानपणी उहुराला पाहून अंतराळाची ओढ लागलेली मे जेमिसन 1992 मध्ये ‘एन्डेव्हर’ यानातून गेली. अंतराळात जाणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. तिथे ती ड्यूटीची सुरुवात उहुराच्याच वाक्याने करायची. हे मी आत्याला सांगितलं, तर तिने लगेच विचारलं, “ड्यूटी दिवसाची की रात्रीची?”

म्हटलं, दोन तुकड्या होत्या, चोवीस तास काम चालायचं.

“मग जाताना दुसरीला सगळं समजावून द्यावं लागत असणार,” आत्या म्हणाली, आणि अर्धवट राहिलेले कॉल ती पुढच्या मुलीच्या हाती कसे सोपवायची, ते सांगायला लागली.