अंगणवाडीतले ‘अंगण’

बेळगुंदीपासून निपाणीपर्यंतच्या सीमाभागात ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. परंतु त्यातील ‘अंगण’ कोठून आले, हा प्रश्न आपण प्राध्यापक मंडळी सहसा विचारत नाही.

भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. माँटेसरीची साधने महाग. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. आंघोळ, नखे कापणे हाही शिक्षणाचाच भाग होता. पुढे १९५७ पासून कोसबादच्या वारली पाड्यांवर हेच कार्य चालले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत आरंभिली. कर्नाटकातील प्रकल्प म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर येथे होता. योजनेच्या सहा सेवांपैकी शालापूर्व शिक्षण ही केवळ एक. पूरक आहार व लसीकरण यांचे मोल मोठेच आहे. पण लोकांच्या मनात अंगणवाडी म्हणजे खाऊ एवढेच उरले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

सीमाभागात आणखी एक पेच आहे. इथल्या एकाच गल्लीत मराठी, दखनी आणि कन्नड बोलणारी घरे असतात. तीन वर्षांचे मूल अंगणवाडीचा उंबरठा ओलांडते, तेव्हा सेविकेचा पहिला शब्द त्याला कळतो का?