पखवाजाला माणूस हवा

सोसायटीच्या पंचवीस वर्षांचा इतिहास लिहायचा म्हटलं की नोंदणी, पहिली वार्षिक सभा, पाण्याची टाकी, लिफ्टचं भांडण हे सगळं आलंच. ते आपल्या सेक्रेटरींनी त्यांच्या लेखात घेतलं आहे. माझ्या वाट्याला भजनी मंडळ आलं. आणि भजनी मंडळाचा इतिहास म्हणजे खरं सांगायचं तर पखवाज कोणाच्या मांडीवर होता, त्याचा इतिहास. गाणारे आपल्याकडे कधीच कमी पडले नाहीत. पेटी दोन वहिनींना येते. टाळ काय, कोणीही वाजवतो, मीही वाजवतो. पण पखवाजवाला नसला की सगळं मंडळ नुसतं बसून राहतं.

सुरुवातीच्या वर्षांत ही अडचण नव्हती. तळमजल्यावरचे काका एस. टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. पखवाज त्यांचा स्वतःचा. पहिल्या गणेशोत्सवात आरती झाल्यावर पार्किंगमध्ये सतरंजी पसरली, काकांनी खोळ काढली आणि पहिल्या मजल्याकडं बघून हाक मारली, "वहिनी, लिंबाएवढी कणीक द्या." नव्या पिढीतल्या मुलांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगतो. पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई कायमची असते, डाव्या तोंडाला मात्र वाजवायच्या वेळी ओली कणीक थापतात. त्यानं आवाज खाली उतरतो, घुमतो. वाजवून झालं की ती खरवडून काढायची. मग पुढची अठरा वर्षं गुरुवारी त्या घरात एक गोळा जास्तीचा मळला जायचा.

काकांचा हात काही फार तयारीचा नव्हता. आठ मात्रांचा भजनी ठेका, कधी धुमाळी, शेवटच्या गजराला लय वाढवायची, संपलं. पण गाणाऱ्याचा श्वास कुठं संपतो ते त्यांना कळायचं. कोणी शब्द विसरला तर काका एक आवर्तन जास्त वाजवून त्याला सांभाळून घेत. हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

२०१८ मध्ये काका मुलाकडं पुण्याला गेले. जाताना पखवाज मंडळाला देऊन गेले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आपल्या पार्किंगमधलं कपाट पाण्याखाली होतं आणि पखवाज त्या कपाटात. पाणी उतरल्यावर काढला तेव्हा दोन्ही पुड्या सुटलेल्या, वादी कुजलेली, खोडात चिखल. सावलीत महिनाभर वाळवला आणि मिरजेला नेला. सतार-तंबोऱ्यांचं गाव, तिथं दुरुस्त झाला. तोवर कोरोना आला. अशा रीतीनं २०२२ च्या गणपतीला आमच्याकडं पखवाज होता आणि वाजवणारा नव्हता.

शोध सुरू झाला. आधी सी विंगमधला मुलगा बसवला. क्लासला जाणारा, तबल्याच्या परीक्षा दिलेला, हात खरोखर सुरेख. पण आम्ही अभंग म्हणतोय आणि तो आपले तुकडे-तिहाया वाजवतोय. आमच्या आजी शेवटी म्हणाल्या, "बाळा, तुझं झालं की सांग, मग आम्ही म्हणतो." बिचारा पुन्हा आला नाही, चूक त्याची नव्हती, त्याला साथ कोणी शिकवलीच नव्हती. मग मोबाईलमधला तबला लावून पाहिला. तो चुकत नाही, पण थांबतही नाही. कडव्याच्या शेवटी कोणाला खोकला आला तर तो पुढं निघून जातो. दोन गुरुवार झाले आणि बंद केला.

तेव्हा कोणी तरी म्हणालं, बाहेरचा माणूस पैसे देऊन आणू. त्यावर कमिटीत वाद झाला. आपलं मंडळ हौसेचं, पैसे घेणारा माणूस आपला कसा होणार, असा काहींचा मुद्दा. मी दुसऱ्या बाजूनं बोललो आणि गंधर्व नाटक मंडळीचा दाखला दिला. १९१३ मध्ये बालगंधर्वांनी ही कंपनी काढली, ती गणपतराव बोडस आणि आपल्या कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांच्या जोडीनं. पुढं या कंपनीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा आले. मूळचे मुरादाबादचे, मुंबईत मुनीरखाँकडं शिकलेले. एकटे वाजवायला बसले तर भल्याभल्यांनी कान पकडावेत असा हात. पण नाटकात ते वर्षानुवर्षं पदामागं बसून पदाला धरून वाजवत राहिले. पुढं १९७० मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं, तरी महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांना ते आठवायचे ते बालगंधर्वांच्या गाण्यामागचे. कंपनीचा पगार घेत होते म्हणून ते परके होते का, असं मी विचारलं. भाषण चांगलं झालं. माणूस मात्र मिळाला नाही.

तो आमच्या गेटवर उभा होता.

विसर्जनाला आपण दरवर्षी हलगी बोलावतो. हलगी, घुमकं, कैताळ हा आपल्या भागातला खास ताफा. खासबागेत कुस्ती लागली की हलगी, मर्दानी खेळाला हलगी, गावच्या जत्रेला हलगी. लाकडी किंवा लोखंडी कडं, त्यावर ताणलेलं कातडं, एक काडी जाड आणि एक बारीक. पूर्वी आगीवर शेकून तापवायचे, आता फायबरचं पान आलं. वाद्य सगळ्यांना हवं, पण वाजवणं पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या गळ्यात बांधलेलं. चामड्याला हात लावणारा देवळाबाहेर उभा राहून वाजवणार आणि त्याच्या तालावर आत आरती होणार, ही आपल्या गावागावांतली पद्धत. शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः तिथं थांबून चहा घेतला, हे कोल्हापुरात कोणाला सांगावं लागत नाही. दरवर्षी २६ जूनला शाहू जयंतीला आपल्या मुलांना ही गोष्ट मीच सांगतो. आणि विसर्जनाच्या दिवशी हलगीवाल्यांना चहा पाठवायचं कामही माझ्याकडंच असायचं. गेटवर, कागदी कपात. आत या, असं मी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

२०२२ च्या विसर्जनाला ट्रॉली यायला उशीर झाला म्हणून आम्ही पखवाजाविनाच दोन अभंग घेतले. गेटजवळून एक पोरगा म्हणाला, "काका, तुमचा टाळ पुढं पळालाय."

मला राग आला. पण वहिनी हसल्या, म्हणजे खरं असणार. मी म्हटलं, "मग ये की, धर तू." हलगी भिंतीला टेकवून, चप्पल काढून तो आत आला. पखवाजावर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, "कणीक न्हाई व्हय लावली?" पहिल्या मजल्यावरून कणीक आली. त्यानंतर अर्धा तास काय झालं ते तिथं असलेल्यांना आठवत असेल. आजींनी एक ओळ तीनदा म्हटली, तो तीनदा थांबला. ट्रॉली आली तरी कोणी उठेना.

तो शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला आहे. हलगी आजोबांकडून आली, मृदंग गावच्या सप्ताहात मागं बसून बघून शिकला. आजोबांना त्याच देवळाच्या पायरीवर चढता येत नव्हतं, हे त्यानं पुढं कधी तरी सहज सांगितलं, आणि आम्ही विषय बदलला.

येशील का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "यीन की. पण पैसं घेणार. हलगीचं घेतोय तसं ह्याचं बी." माझा थिरकवा माझ्याच अंगावर आला. मानधन ठरलं. पण मला तेवढं पुरेसं वाटेना. मंडळाचा सभासद रहिवासीच असावा असा आपला नियम होता. तो बदलून त्याचं नाव यादीत घ्यावं, असा ठराव मी मांडला. मानधन घेणारा सभासद कसा, असा प्रश्न आला. सोसायटीत राहत नाही, असंही आलं. जे कारण बोललं गेलं नाही, तेही खोलीत होतंच. ठराव झाला, सगळे हात वर नव्हते. दोन घरांनी त्यानंतर गुरुवारी येणं बंद केलं. त्यातलं एक परत आलं आहे.

पुण्याला फोन लावून काकांना वाजवणं ऐकवलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डाव्याला कणीक थोडी जास्त झालीय. बाकी सोडा, त्याला काही शिकवायला जाऊ नका."

सी विंगमधला मुलगा आता परत येऊन त्याच्या शेजारी बसतो. गेल्या महिन्यात उजवी पुडी बदलली, खर्च मंडळाच्या शिलकेतून केला, वहीत नोंद आहे. तालीम गुरुवारी रात्री साडेआठला, पार्किंगमध्ये. माझा टाळ अजून पुढं पळतो.